प्रेअरीतली पहिली फेरी: एक मैल, दीड तास, तीन पिढ्या

प्रश्न थोडक्यात असा: शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये घर आहे. आई-बाबा मे महिन्यात साताऱ्याहून आलेत, ऑक्टोबरपर्यंत आहेत. मुलं 4 आणि 8 वर्षांची. आईचे गुडघे दुखतात. सगळ्यांना झेपेल अशी प्रेअरीतली, म्हणजे इथल्या मूळ गवताळ माळावरची, फेरी कुठे, कधी आणि कशी करावी? आणि बाबांचं म्हणणं, "नुसतं गवत काय बघायचं?" त्याचं काय करावं?

बाबांपासूनच सुरुवात करतो, कारण बहुतेक फेऱ्या तिथेच फसतात. प्रेअरी लांबून बघितली तर ती खरंच नुसतं गवत असते. डोंगर नाही, धबधबा नाही, फोटोचा पॉइंट नाही. कुठे पोहोचायचं असं काही नसलं की माणसं चालत सुटतात. तीन मैल तुडवून, उन्हात भाजून परत येतात आणि म्हणतात, काही नव्हतं. प्रेअरीत चालायचं कमी आणि थांबायचं जास्त. सगळा माल वाटेच्या कडेला, गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर असतो. म्हणून पहिल्या फेरीचं माप एक मैल, म्हणजे 1.6 किलोमीटर, आणि वेळ दीड तास. त्याहून जास्त ठरवू नका, मुलं कितीही उड्या मारत असली तरी.

आणि ते एक मैलही अंतराने मोजू नका, घड्याळाने मोजा. गाडीपासून निघाल्यावर 40 मिनिटांनी, जिथे असाल तिथून, मागे फिरायचं. चार वर्षांचं मूल जाताना पळतं आणि येताना बसतं. त्यामुळे परतीला नेहमी जास्त वेळ लागतो. याच कारणाने पहिल्यांदा गोल वाट घेऊ नका. गोल वाटेवर अर्ध्यात गुडघा दुखायला लागला तर पुढे आणि मागे अंतर सारखंच उरतं. गेलो त्याच वाटेने परत येणं कंटाळवाणं वाटेल ही भीती नको. जाताना सूर्य एका बाजूला असतो, येताना दुसऱ्या, आणि जाताना न दिसलेली निम्मी फुलं येताना दिसतात.

जागा म्हणाल तर तुमच्या गावातच आहे. ड्युपेज काउंटीच्या फॉरेस्ट प्रिझर्व्ह खात्याची स्प्रिंगब्रुक प्रेअरी सुमारे 1,800 एकर आहे आणि प्रवेश फुकट आहे. मुख्य वाट चुनखडीच्या बारीक खडीची, दाबून बसवलेली आणि रुंद आहे. दोघं शेजारी-शेजारी बोलत चालू शकतात, मोठ्या चाकांचा स्ट्रोलर सहज जातो, काठी रुतत नाही. गुडघ्यांसाठी हाच निकष धरा: खडीची वाट चालेल, गवत कापून केलेली वाट नको. कापलेल्या गवताची वाट नकाशावर सोपी दिसते, पण खालची जमीन उंचसखल असते, सकाळी दवाने बूट भिजतात आणि स्ट्रोलर ढकलणाऱ्याचा घाम निघतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अशा अरुंद वाटेवर दोन्हीकडचं गवत पायाला घासतं आणि गोचीड तिथूनच चढते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

दुसरी चांगली जागा लाइलच्या मॉर्टन आर्बोरीटममधली (वृक्षोद्यानातली) शूलेनबर्ग प्रेअरी. साधारण 100 एकर. 1962 साली इथे नांगरलेल्या शेतजमिनीवर पुन्हा प्रेअरी लावायला सुरुवात झाली, अक्षरशः रोप-रोप करून. फुलांची दाटी स्प्रिंगब्रुकपेक्षा इथे जास्त आहे. पण तिकीट लागतं, ते आधी काढून ठेवावं, आणि आतल्या वाटा अरुंद आहेत. आईंना तिथे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी न्या.

गवे बघायचे असतील (अमेरिकन बायसन, आपला सह्याद्रीतला गवा वेगळा) तर विल्मिंग्टनजवळचं मिडेविन. तासाभराची गाडी. पूर्वी तिथे लष्कराचा दारूगोळ्याचा कारखाना होता. 1996 साली ती जमीन देशातली पहिली राष्ट्रीय उंच-गवत प्रेअरी म्हणून जाहीर झाली आणि 2015 मध्ये गवे सोडले. दारूगोळा साठवायचे मातीने झाकलेले बंकर अजून रांगेने उभे आहेत. आठ वर्षांच्या मुलाला गव्यांपेक्षा तेच आवडण्याची शक्यता जास्त. गवे दिसतीलच असं मुलांना मुळीच सांगू नका. कुरण एवढं मोठं आहे की कळप बऱ्याचदा पलीकडच्या टोकाला काळ्या ठिपक्यांसारखा असतो. दुर्बीण नसेल तर तेवढंच. कुंपणाच्या आत जायचं नसतं हे वेगळं सांगायला नको. मे-जूनमध्ये पिल्लं असतात तेव्हा कुंपणाला टेकून उभंही राहू नये.

एक जागा खास बाबांसाठी: वेस्टचेस्टरची वुल्फ रोड प्रेअरी. 1920 च्या दशकात तिथे वसाहत उभारायची म्हणून बिल्डरने आधी सिमेंटचे फुटपाथ टाकले. मग मंदी आली आणि घरं कधी झालीच नाहीत. आज त्या तडकलेल्या फुटपाथवरून दोन्ही बाजूंची मूळ, कधीच न नांगरलेली प्रेअरी बघता येते. फ्लॅटचं बुकिंग आणि अडकलेला प्रकल्प यांच्याशी परिचय असलेल्या कोणालाही ही जागा समजते. फक्त फुटपाथ जागोजागी उचकटलेला आहे, तेव्हा गुडघ्यांना जपून.

आता कधी जायचं ते. इथे सर्वात जास्त गैरसमज होतो. उंच गवताची प्रेअरी मे महिन्यात उंच नसते. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास ही इथली मुख्य गवतं उष्ण हंगामातली आहेत. जमीन तापल्याशिवाय ती वाढत नाहीत, खरी उंची जुलैनंतर घेतात आणि सप्टेंबरमध्ये सहा-आठ फुटांवर जातात. मेमध्ये ती घोट्याएवढी असतात. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर कदाचित नुसती काळी जमीन दिसेल, कारण त्या दिवसांत मुद्दाम आग लावून जुनं गवत जाळतात. त्यात काही बिघडलेलं नाही. या गवतांचा वाढीचा कोंब जमिनीच्या पृष्ठभागाशी किंवा त्याखाली असतो, त्यामुळे आग वरून जाते आणि झुडपं-झाडं तेवढी मागे हटतात. जाळलं नाही तर काही वर्षांत तिथे झुडपी रान होतं. काळ्या जमिनीला राखेमुळे आणि उन्हामुळे लवकर ऊब मिळते आणि दोन-तीन आठवड्यांत हिरवे कोंब दिसतात. त्या काळात वाट बंद असल्याची पाटी असेल तर मुकाट परत फिरावं.

मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत पक्ष्यांसाठी जा. बोबोलिंकचा नर खालून काळा, वरून पांढरा आणि मानेमागे पिवळसर ठिपका असलेला. उडता-उडता गातो आणि तो आवाज जुन्या रेडिओची सुई स्टेशनांवरून फिरवल्यासारखा येतो. हिवाळ्यात हा पक्षी दक्षिण अमेरिकेत, पार अर्जेंटिनापर्यंत जातो. मेडोलार्कच्या पिवळ्या छातीवर काळा 'व्ही' असतो. डिकसिसल स्वतःचंच नाव घेत कुंपणाच्या तारेवर बसून राहतो. या दिवसांतला उपद्रवी म्हणजे लाल खांद्याचा काळा पक्षी, रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड. घरटं जवळ असलं की नर मागून येऊन डोक्याला चाटून जातो. चार वर्षांचं मूल याने भेदरतं आणि तिथेच फेरी संपते. टोप्या घाला, आणि तो ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागला की न थांबता पुढे सरका. तो मागून झेप घेतो, त्याच्याकडे तोंड केलं की सहसा येत नाही.

स्पायडरवर्टची निळी-जांभळी फुलं जूनमध्ये सकाळीच बघायला मिळतात. उन्हाच्या दिवशी दुपारपर्यंत ती मिटतात, त्यामुळे दहा वाजता फुललेली वाट एक वाजता रिकामी दिसते. माणसं जागा चुकली समजतात.

फुलांचा खरा बहर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. ऊनही तेव्हाच सर्वात वाईट. प्रेअरीत सावली नसते, हा मुद्दा कागदावर छोटा वाटतो. 29-30 अंश तापमान, वर दमट हवा, आणि गवत छातीएवढं झाल्यामुळे मुलांच्या उंचीवर वारा लागत नाही. तुम्हाला झुळूक येत असते आणि स्ट्रोलरमधलं मूल उकडत असतं. सकाळी साडेसात-आठला वाटेवर असा आणि साडेनऊला गाडीत. ते जमत नसेल तर संध्याकाळी सहानंतर, पण तेव्हा डास असतात. पाणी मोठ्या माणसाला एक लिटर, मुलाला अर्धा लिटर, शिवाय गाडीत एक जादा बाटली. बाबांना साधं पाणी पुरत नाही असं वाटत असेल तर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत थर्मासमध्ये घ्या. ऑगस्टनंतर उघड्या गोड पेयावर पिवळ्या गांधीलमाशा येतात. डब्यात शिरलेली माशी ओठाला चावते, म्हणून झाकणाची बाटली हवी.

माझं मत विचाराल तर तुमच्या घरासाठी सर्वात चांगले दिवस सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुढचे. ऊन मऊ, डास कमी, गवत पूर्ण उंच आणि तांबूस, गोल्डनरॉड पिवळं, अॅस्टर जांभळी, आणि मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोच्या वाटेवर. या काळात फक्त एक अडचण येते: गवत मुलांच्या डोक्यावरून जातं आणि त्यांना दोन भिंतींमधून चालल्यासारखं वाटतं. दर दहा मिनिटांनी धाकट्याला खांद्यावर घ्या.

आता बाबांचा प्रश्न. साताऱ्याकडच्या माणसाला इथलं गवत दाखवायचं तर सुरुवात मातीपासून करा. इलिनॉयमध्ये एकेकाळी सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती. त्यातली चांगल्या स्थितीतली मूळ प्रेअरी आज अंदाजे 2,500 एकर उरली आहे, म्हणजे दर दहा हजार एकरांमागे एक-सव्वा एकर. बाकीचं मका आणि सोयाबीन झालं. कारण खालची काळी, सकस माती. ती आधी कोणाला नांगरता येत नव्हती. ओतीव लोखंडाच्या फाळाला ती इतकी चिकटायची की दर काही पावलांना थांबून खरवडावी लागे. काळ्या रानात औत धरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 1837 साली याच राज्यात, ग्रँड डिटूर गावी, जॉन डिअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळ बनवला. माती त्यावरून निसटू लागली, आणि पुढच्या पन्नासएक वर्षांत प्रेअरी संपत आली. आज शेतात दिसणारा हिरवा-पिवळा ट्रॅक्टर त्याच नावाचा.

मग गवत हातात धरायला सांगा, न तोडता. बिग ब्लूस्टेमचा तुरा टोकाला तीन बोटांत फुटतो, कोंबडीच्या पायासारखा. इथले लोक त्याला टर्कीचा पाय म्हणतात. हे गवत ज्वारी, मका आणि ऊस यांचं चुलत भावंड आहे, आणि आपल्या माळावरची कुसळी, मारवेल, पवन्या हीसुद्धा त्याच गोतातली. इंडियन ग्रासचं शास्त्रीय नाव सॉर्गास्ट्रम, म्हणजे साधारण 'ज्वारीची नक्कल'. त्याच्या सोनेरी तुऱ्याकडे बघितलं की नाव का पडलं ते कळतं. खोड बोटांत फिरवा: गवताचं खोड गोल आणि पेरांचं, लव्हाळ्याच्या जातीचं बहुधा तीनधारी, बोटाला कडा लागतात. आठ वर्षांच्या मुलाला हा एक खेळ पंधरा मिनिटं पुरतो.

आईंना मिल्कवीड दाखवा. पान खुडू नका, पण पडलेलं किंवा किड्याने खाल्लेलं असेल तर त्यातून पांढरा चीक आलेला दिसतो. ही आपल्या रुईची नातलग. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच रुई. रुईवर आपल्याकडे जी तांबूस-केशरी फुलपाखरं अंडी घालतात, त्यांच्याच प्रजातीगटातलं मोनार्क इथे मिल्कवीडवर अंडी घालतं. जून ते ऑगस्टमध्ये कोवळ्या पानाची खालची बाजू हळूच वर करून बघा. टाचणीच्या डोक्याएवढं, मलईच्या रंगाचं, उभ्या रेघांचं एकेकटं अंडं असेल तर ते मोनार्कचं. पिवळ्या किड्यांचा थर असेल तर तो मावा आहे. चीक लागलेला हात डोळ्याला जाऊ देऊ नका. धाकट्याला नुसतं बघायचं काम द्या, पान उलटायचं काम मोठ्याचं.

सिल्फियम जातीची तीन झाडं ओळखता आली तर तुमची फेरी चांगल्या माहितगाराच्या तोडीची होते. कंपास प्लांटची खालची पानं खोल कातरलेली आणि उभी असतात, त्यांच्या कडा साधारण उत्तर-दक्षिण आणि सपाट बाजू पूर्व-पश्चिम. सकाळ-संध्याकाळचं ऊन पुरेपूर मिळतं, दुपारचं टळतं. फोनमधल्या होकायंत्राशी ताडून बघा, कोवळ्या पानांवर जास्त बरोबर जुळतं. सावलीतलं झाड असेल तर जुळणार नाही. प्रेअरी डॉकचं पान आळूसारखं मोठं आणि खरखरीत. भर उन्हात त्यावर तळहात ठेवा, गार लागतं. मुळं खूप खोल जात असल्याने झाड पाणी खेचत राहतं आणि पानातून बाष्प सोडत राहतं. कप प्लांटची समोरासमोरची पानं खोडाभोवती जोडली जाऊन वाटी होते, पावसानंतर तिच्यात पाणी साचतं आणि गोल्डफिंच पक्षी तिथे येतात. त्याचं खोड चौकोनी असतं. कंपास प्लांटचं मूळ पंधरा फुटांपर्यंत खाली जाऊ शकतं, म्हणजे वर दिसतं त्याच्या जवळजवळ दुप्पट. मुलांना ही गोष्ट आकड्याने कळत नाही. घरून पंधरा फुटांची सुतळी कापून न्या आणि वाटेवर आडवी पसरा.

वासाची फुलं वेगळी. वाइल्ड बर्गमॉटची फिकट जांभळी, विस्कटलेल्या केसांसारखी फुलं जुलैत दिसतात. पान बोटांत नुसतं चोळा, ओव्याच्या पानाची आठवण येईल. ओव्याला वास देणाऱ्या थायमॉलच्या जातीची तेलं त्यातही आहेत. प्रेअरी ड्रॉपसीड हे बारीक, कारंज्यासारखं गवत ऑगस्टअखेर फुलतं तेव्हा कोणाला पॉपकॉर्नचा वास येतो, कोणाला कोथिंबिरीचा. घरात मतदान घ्या. रॅटलस्नेक मास्टर घायपातीच्या पोरासारखं दिसतं, पण आहे कोथिंबिरीच्या कुळातलं. त्याच्या हिरवट-पांढऱ्या गोळ्यांवर इतके प्रकारचे कीटक बसतात की एका झाडापाशी भिंग घेऊन दहा मिनिटं जातात.

धाकट्यासाठी सर्वात स्वस्त आणि सर्वात यशस्वी साधन म्हणजे रंगाच्या दुकानात फुकट मिळणारी शेड-कार्डं. आठ रंग घ्या: दोन पिवळे, जांभळा, गुलाबी, पांढरा, तांबूस, हिरव्या दोन छटा. "याच्यासारखं काहीतरी शोध," एवढंच सांगायचं. फुलांची नावं चार वर्षांच्या मुलाला पाठ करायला लावू नका. मोठ्याला शिंप्याची टेप द्या, सर्वात उंच गवत मोजून वहीत लिहायचं. दोन मिनिटं डोळे मिटून आवाज मोजायचा खेळ सगळ्यांनी खेळा, पण तो फेरीच्या मध्यावर. सुरुवातीला मुलं गप्प बसत नाहीत आणि शेवटी भुकेली असतात.

आता जपायच्या गोष्टी. पहिली, जी आपल्या माणसांना हमखास फसवते: वाइल्ड पार्सनिप. जून-जुलैत वाटेच्या कडेला तीन-चार फूट उंच, पिवळ्या छत्रीसारख्या फुलोऱ्याचं झाड. दिसायला थेट फुलावर आलेला शेपू. "अगं, शेपू बघ!" म्हणून हात जातोच. तोडलेल्या देठाचा रस कातडीला लागला आणि त्यावर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात, आणि तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी, त्यामुळे कारण कळत नाही. डाग महिनोन्महिने राहतो. रस लागला असं वाटलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा आणि तो भाग दोन दिवस उन्हापासून झाका. पिवळी छत्री दिसली की हात मागे, एवढा एकच नियम मुलांना शिकवा.

पॉयझन आयव्ही झाडांच्या कडेला, सावलीच्या बाजूला असते. तीन-तीन पानांचा गुच्छ, मधल्या पानाचा देठ लांब. ही बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातली. बिबा उततो तशीच ही उतते. लागली तर साबणाने धुवायचं, बुटांच्या नाड्यासुद्धा, कारण तेल त्यांवर राहतं.

गोचिडी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत असतात. मे ते जुलैत लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, म्हणजे तिळाएवढंही दिसणार नाही. घाबरून घरी बसायची गरज नाही, चार गोष्टी करा. फिकट रंगाच्या पूर्ण पँट घाला आणि पायमोजे पँटवरून ओढा. विचित्र दिसतं, पण काम करतं. आईंनी साडी किंवा घोळदार सलवार टाळावी: काठ गवतावरून फिरतो आणि शिवाय चिकट शेंगांचे तुकडे त्यात अडकून धुतानाही निघत नाहीत. बूट आणि पँटवर आदल्या दिवशी 0.5 टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा मारून पूर्ण वाळवा. हे औषध कपड्यांसाठी आहे, कातडीला लावायचं नाही. कातडीला डीट हे कीटक दूर ठेवणारं औषध चालतं, मुलांना तुमच्या हाताने लावा, त्यांच्या तळहातांना नाही. लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. आणि वाटेच्या मधोमध चाला. गोचीड उडी मारत नाही, झाडावरून पडत नाही. गवताच्या टोकाला पाय पसरून बसते आणि घासणाऱ्या पायाला धरते.

फुलं तोडायची नाहीत, पूजेसाठी दोनसुद्धा नाहीत. नैसर्गिक राखीव जागेत तो गुन्हा आहे, आणि इथल्या बऱ्याच फुलांचं बी पुढच्या वर्षीच्या लावणीसाठी स्वयंसेवक हाताने गोळा करतात. पडलेलं पीससुद्धा घरी आणू नका. 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने इथल्या देशी पक्ष्यांची पिसं जवळ बाळगायला बंदी आहे, सापडलेली असली तरी. मुलाला पिसाचा फोटो काढू द्या.

विजेचं मात्र गंभीरपणे घ्या. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग फार वेगाने येतात आणि सपाट माळावर सर्वात उंच तुम्हीच असता. गडगडाट ऐकू आला की फेरी संपली, ढग लांब दिसत असला तरी. गाडीत बसा, काचा बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबा. वाटेतल्या उघड्या शेडखाली किंवा एकट्या झाडाखाली आसरा घेऊ नका. सकाळची वेळ निवडण्याचं हेही एक कारण.

सामान एका पाठपिशवीत मावायला हवं: पाणी, टोप्या, सनस्क्रीन, ओले रुमाल, टोकदार चिमटा, भिंग, साधी दुर्बीण, सुतळी, टेप, शेड-कार्डं, आणि आईंसाठी घडीचं हलकं स्टूल. बाकं असतात, पण दोन बाकांमधलं अंतर गुडघ्याला विचारून ठरवलेलं नसतं. शौचालय पार्किंगपाशीच, तेही बहुधा बिनपाण्याचं. वाटेवर काहीच नाही, म्हणून निघताना सगळ्यांनी जाऊन यावं आणि पाण्याची छोटी बाटली व साबण गाडीत ठेवावा. खायचं परत आल्यावर, गाडीपाशी. मेथीचे ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चिक्की असं कोरडं काहीही. वाटेवर फक्त धाकट्याच्या खिशात मूठभर चणे-मनुका, परतीच्या शेवटच्या दहा मिनिटांसाठी.

घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, जास्त उष्णतेवर 10 मिनिटं, मग धुवायचे. कोरड्या उष्णतेने गोचीड मरते, साध्या धुण्याने मरेलच असं नाही. दोन तासांच्या आत अंघोळ. कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, बेंबीत, कमरेच्या नाडीखाली, जांघेत आणि गुडघ्याच्या मागे बघा. आजी-आजोबांनाही एकमेकांची पाठ बघायला सांगा, ते हमखास टाळतात. चिकटलेली सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून पकडा आणि सरळ, एकसारखं वर ओढा. पिळायचं नाही, रॉकेल लावायचं नाही, जळती काडी तर नाहीच. लाइमचा जंतू शरीरात जायला गोचीड सहसा एक दिवसाहून जास्त चिकटून राहावी लागते, त्यामुळे त्याच दिवशी काढली तर धोका फार कमी. तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर ती तारीख डॉक्टरांना सांगा.

पहिली फेरी जूनमध्ये करणार असाल तर वाटेवरची एखादी पाटी किंवा खांब ठरवून दोन्ही मुलांना त्याच्या शेजारी उभं करून फोटो काढा, गवत पायाशी असताना. आई-बाबा परत जायच्या आधी, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, त्याच खांबापाशी तसाच फोटो काढा. धाकटा त्यात दिसणार नाही, त्याला हात वर करायला सांगा.